दळण कुठे गेलं? धनकवडीतल्या एका गिरणीचा हिशेब

माझ्या मामाची पुण्यात धनकवडीत पिठाची गिरणी आहे. दोन चक्क्या, एक 10 अश्वशक्तीची मोटर, मिरची-मसाला कांडायचा एक डंका आणि पुढे डबे ठेवायला लांब कट्टा. जागा स्वतःची. 2022 च्या दिवाळीत भाऊबीजेला गेले तेव्हा मामा म्हणाला, "अगं, मोबाइलवाला गाळा भाड्यानं मागतोय. देऊन टाकावा म्हणतो. दळणात काही राहिलं नाही आता." मामी काही बोलली नाही. ती उठून आत गेली.

मी हिशेबाच्या कामात आहे. दुसऱ्यांच्या वह्या बघते, त्यामुळे मामाच्या तोंडून "काही राहिलं नाही" हे ऐकल्यावर पहिला प्रश्न तोच आला, किती राहिलं नाही? त्याला सांगता येईना. गिरणीत वही नव्हतीच. पैसे डब्यात पडतात, संध्याकाळी मोजले जातात आणि घरखर्चात मिसळतात. उधारी भिंतीवर खडूनं लिहायची, दिली की पुसायची. धंदा बसला आहे हे पोटाला कळत होतं, पण कधीपासून आणि कितीनं, याचा कागद कुठेच नव्हता.

कागद सापडला तो तारेत. गिरणीच्या खांबाला एक वाकवलेली तार आहे. त्यात मामा विजेची बिलं टोचून ठेवतो, जुनी खाली, नवी वर. ती सगळी तार मी घरी आणली. पीठ दळायचं तर मोटर फिरणार आणि मोटर फिरली की युनिट पडणार, म्हणजे बिलावरचे युनिट हीच गिरणीची वही. महिने मात्र सारखे घ्यायला हवेत. मार्च ते मे मसाल्याचा हंगाम, दिवाळीच्या आधी भाजणीची गर्दी, त्या महिन्यांची तुलना फसवते. मी सप्टेंबर घेतला. 2019 आणि 2022, दोन्ही वर्षी पितृपक्ष सप्टेंबरातच होता आणि नवरात्र महिन्याच्या शेवटी बसलं होतं, त्यामुळे घरातला स्वयंपाकही साधारण सारखाच. सप्टेंबर 2019 ला 880 युनिट. सप्टेंबर 2022 ला 470.

मामाचं निदान ठरलेलं होतं: पाकिटातलं पीठ. रस्त्यावरच्या कुठल्याही गिरणीवाल्याला विचारा, हेच सांगेल. पण आयटीसीनं आशीर्वाद आटा आणला 2002 साली. त्यानंतर सतरा वर्षं मामाची गिरणी व्यवस्थित चालली, दुसरी चक्की तर त्यानं त्याच काळात बसवली. पाकीटच कारण असतं तर उतार 2005 लाच लागायला हवा होता. बिलांमध्ये तो 2020 नंतर लागलेला दिसत होता, आणि तोही एकदम.

आधी केलेला एक उपाय सांगायला हवा, कारण छोट्या धंद्यात पहिला हात तिकडेच जातो. 2022 च्या गणपतीत मामानं दळणाचा दर किलोला 6 रुपयांवरून 5 केला आणि तसा फ्लेक्स लावला. नवीन गिऱ्हाईक आलं नाही. जे येत होतं त्याचे चार-पाच रुपये वाचले आणि ते मामाच्या खिशातून गेले. चार किलोचं दळण घेऊन येणाऱ्या बाईला चार रुपयांची अडचण नव्हतीच. तिची अडचण काय आहे ते कुणी तिला विचारलं नव्हतं.

मग 15 दिवस आम्ही वही घातली. साधी शंभर पानी वही, खिळ्याला दोरीनं बांधलेला पेन. प्रत्येक डब्यामागे चार गोष्टी: कुणाचा, काय धान्य, किती किलो, याआधी कधी आला होता. मामाला सुरुवातीला हे लोकांसमोर लिहायला अवघड वाटायचं, तेव्हा मामीनं लिहिलं. 15 दिवसांत 510 डबे आले आणि 1,940 किलो दळण झालं. म्हणजे डब्यामागे चार किलोसुद्धा नाही. मामाला आठवत होतं की पूर्वी गव्हाचा डबा म्हटला की दहा किलोचा, तो पोरगा सायकलच्या कॅरिअरवर बांधून आणायचा. गिऱ्हाइकं कमी झाली होती हे खरं, पण त्याहून जास्त आटला होता तो डबा.

वहीतून आणखी एक गोष्ट दिसली. ज्वारी-बाजरीचे डबे गव्हाच्या मानानं टिकून होते. भाकरी खाणारी घरं अजून येत होती, सुटली होती ती बहुतेक चपातीवाली.

आता न येणाऱ्यांना विचारायचं होतं. गिरणीत उभं राहून ते होत नाही, न येणारा माणूस गिरणीत कसा भेटणार? जानेवारी 2023 मध्ये संक्रांत आली आणि मामीनं ते काम हातात घेतलं. संक्रांत ते रथसप्तमी तिची रोज दोन-तीन घरी हळदीकुंकवाची फेरी असते. तिनं कुणाला "गिरणीत का येत नाही" असं विचारलं नाही. तसं विचारलं की लोक ओशाळतात आणि काहीतरी गोड कारण देतात. ती विचारायची, "यंदा गहू कुठला भरला?"

रथसप्तमीच्या संध्याकाळी तिनं मला फोन केला. म्हणाली, "अगं, गहू भरलेलाच नाही कुणी. कोठ्याच नाहीत घरात."

तिच्या या एका वाक्यानं सगळं प्रकरण उलटं झालं.

आमच्या लहानपणी एप्रिल-मे म्हणजे वर्षाचं धान्य भरायचे दिवस. नवा गहू बाजारात आला की दोन-तीन पोती घरी यायची, गच्चीवर ऊन द्यायचं, निवडायचं, एरंडेल चोळायचं, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून पत्र्याच्या कोठीत भरायचं. पुढे वर्षभर दर पंधरा दिवसांनी त्यातला डबा भरून गिरणीत. गिरणीचा सगळा धंदा त्या कोठीवर उभा होता. गिरणी धान्य विकत नाही, तुमच्या धान्याचं पीठ करून देते. कोठी गेली की गिरणीला करण्यासारखं काही उरत नाही.

कोठी गेली कशी तेही मामीनं घरोघरी पाहिलं. 2020 आणि 2021, दोन्ही वर्षी नेमक्या एप्रिल-मे महिन्यात कोरोनाची टाळेबंदी होती. सलग दोन उन्हाळे धान्य भरायचं राहिलं आणि घरात पाकीट आलं. तिसऱ्या वर्षी काही जणांनी पुन्हा भरलं, पुष्कळांनी नाही. त्यात आजूबाजूचे जुने बंगले आणि चार मजली इमारती पाडून टॉवर होत होते. त्या काळात माणसं दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात, कोठी भंगारात किंवा गावी. नव्या घरात गच्ची सगळ्यांची, म्हणजे ऊन देण्यापुरती कुणाचीच नाही. आणि म्हातारी जोडपी. मुलं बाहेरगावी, दोन माणसांना किती लागतं? एका आजींनी मामीला सांगितलं, "धान्य आणायला मुलगा नाही, निवडायला डोळे नाहीत आणि डबा उचलायला हात नाहीत. पण पाकिटाची भाकरी थापत नाही गं."

ही शेवटची तक्रार खरी आहे आणि धंद्याच्या दृष्टीनं मोलाची आहे. गव्हात चिकटपणा असतो, पीठ महिनाभर जुनं असलं तरी चपाती लाटली जाते. ज्वारीत तो नसतो. तिच्या भाकरीचा सगळा भार ताज्या पिठावर आणि गरम पाण्यावर. पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाची धरून राहण्याची ताकद, जाते, थापताना कडा फाटतात, तव्यावर टाकताना मोडते. बाजरीत तेलाचा अंश जास्त, ती दळल्यावर थोड्याच दिवसांत कडवट लागायला लागते. म्हणजे ज्या पिठात ताजेपणाशिवाय भागत नाही, तिथे गिरणीशी कुणी बरोबरी करू शकत नव्हतं. आणि आम्ही दळणाचा दर एक रुपयानं पाडून बसलो होतो!

मी मामाला म्हटलं, "मामा, तू धान्य ठेव. आपल्याकडचं धान्य, गिऱ्हाइकासमोर मोजायचं, समोर दळायचं, अर्धा किलो मागितलं तरी द्यायचं."

मामाला ते आवडलं नाही. त्याचं म्हणणं, मी गिरणीवाला आहे, दुकानदार नाही. धान्यात पैसा अडकतो, कीड लागते, बाजूच्या किराणावाल्याशी वितुष्ट येतं. तिन्ही गोष्टी बरोबर होत्या. शेवटी मामीनं तिच्या भिशीचे 15,000 रुपये पुढे केले आणि म्हणाली, "बुडले तर माझे बुडतील."

मार्च 2023. नवा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, बाजारात येत होता. ते वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलेलं, त्यामुळे ज्वारी-नाचणीचं नाव अशा घरांतही निघत होतं जिथे भाकरी कधी होत नव्हती. मामा मार्केट यार्डात भुसार विभागात गेला आणि मालदांडी ज्वारी, लोकवन गहू असे प्रत्येकी दोन-तीन कट्टे (लहान पोती) घेऊन आला. (लोकवन हे नाव लोक-1 या वाणाचं, ते गुजरातमधल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालं. मामा हे प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतो आणि मला ते सांगणं आवडतं, कारण आपण काय खातो हे माणसाला कळलं पाहिजे.)

आणि पहिल्याच खेपेला घोळ झाला. ज्वारी किलोमागे चार रुपये स्वस्त मिळाली म्हणून घेतली होती. त्यात बारीक खडा निघाला, डोळ्यांना न दिसणारा. चौथ्या दिवशी एक काकू फडक्यात भाकरी बांधून आल्या. भांडल्या नाहीत. कट्ट्यावर फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा मामाच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "दादा, एक घास खाऊन बघा." मामानं घास चावला. कचकन आवाज झाला तो मलाही ऐकू आला. त्यानं त्यांना पैसे परत दिले, वहीत बघून ज्यांनी ज्यांनी ती ज्वारी नेली होती त्या सगळ्यांना फोन केले आणि पीठ परत मागवलं. उरलेला माल कोंबड्यांच्या खाद्यासाठी गेला. भिशीतले साडेतीन हजार तिथे संपले.

मी याकडे नुकसान म्हणून पाहत होते. मामीनं मला दाखवलं की फोन केलेल्यांपैकी बहुतेक सगळे पुढच्या आठवड्यात परत आले. तरी मी म्हणेन, तो खर्च टाळता आला असता. स्वस्त चार रुपयांचा मोह पहिल्या खेपेला तरी नको होता.

त्यानंतर ज्वारी निवडल्याशिवाय विकायची नाही असं ठरलं. मागच्या चाळीतल्या दोघी बायका दुपारी दोन-तीन तास येतात, आधी चाळणी, मग सुपात पाखडणं, मग हातानं. त्यांना किलोमागे 3 रुपये. इथे खरा हिशेब सुरू होतो आणि बरेच जण इथेच चुकतात. 50 रुपये किलोनं घेतलेली ज्वारी 60 ला विकली की वरचे 10 रुपये आपले असं वाटतं. त्यातून निवडण्याचे 3 जातात. खडा, काडी, फुटका दाणा मिळून पन्नास किलोच्या कट्ट्यामागे साधारण दीड किलो घट, ती किलोमागे दीड रुपयाची. हमाली आणि टेम्पोचा एक रुपया. राहतात साडेचार. दळणाचे 6 वेगळे. हे मामाला एकदा कागदावर मांडून दिल्यावर त्यानं स्वतःच ठरवलं की पाटीवर धान्याचा भाव आणि दळणाचा दर वेगवेगळे लिहायचे. लोकांना पीठ महाग वाटत नाही, न समजलेला भाव महाग वाटतो, असं त्याचं मत. फ्लेक्स उतरवला. दर पुन्हा 6 केला. एकानंही तक्रार केली नाही.

मी एक चुकीचा आग्रह धरला होता, तोही नोंदवते. मला पिठाच्या पुड्या करायच्या होत्या, छापील पिशवी, त्यावर नाव, दुकानात ठेवायला सोपी. त्यासाठी लागणारे नियम मी वाचूनही ठेवले होते: बंद पाकिटावर वजन, तारीख, किंमत, पत्ता छापावा लागतो, आणि 18 जुलै 2022 पासून पाकीटबंद लेबल लावलेल्या पिठावर 5 टक्के जीएसटी आहे. मामाची उलाढाल तेव्हा जीएसटी नोंदणीच्या मर्यादेखाली, त्यामुळे कराचा प्रश्न नव्हता. पण मामी म्हणाली, "पाकिटात घातलं की तेही पाकीटच झालं ना?" तिचं बरोबर होतं. गिऱ्हाइकाला जे हवं होतं ते म्हणजे पीठ कापडी बाहीतून डब्यात पडताना बघणं आणि डबा घरी नेताना तो कोमट लागणं. मामा अजूनही दर डब्याला हाताची उलटी बाजू पिठाखाली धरतो. चटका बसला तर चक्की सैल करतो, कारण तापलेल्या पिठाची भाकरी नीट होत नाही. हे पिशवीत भरता येत नाही.

वेळेचंही बघावं लागलं. गिरणी सकाळी नऊ ते एक आणि चार ते आठ उघडी असायची. नोकरी करणाऱ्या सुना साडेआठला घरी येतात. आता फोनवर सांगून ठेवायचं आणि संध्याकाळी न्यायचं, साडेनवापर्यंत. आजी-आजोबांचे डबे निवडणाऱ्या बायकांपैकी एकीचा मुलगा पोहोचवतो, फेरीचे 10 रुपये त्याचे. आणि दळणाचा क्रम ठरवला: सकाळी गहू, अकरानंतर ज्वारी-बाजरी, दुपारी डाळी. पूर्वी जसा डबा येईल तसा दळायचा. प्रत्येक वेळी चक्कीत आधीचं पीठ राहायचं, ते काढायला मोटर रिकामी फिरायची, आणि रिकामी मोटरही वीज खातेच. क्रम लावल्यावर किलोमागे वीज कमी लागायला लागली. उपवासाचं, म्हणजे राजगिरा, वरई, साबुदाणा, हे दुसऱ्या चक्कीवर आणि ती पूर्ण झाडून. यात मामी कुणाचं ऐकत नाही.

डंका मात्र परत सुरू झाला नाही. एप्रिलमध्ये मिरची कांडायला घेतली आणि दुसऱ्या दिवशी वरच्या नव्या इमारतीतून तिघे ठसकत खाली आले. त्यांच्या घरात लहान बाळ होतं. मामानं डंका बंद केला. मसाल्याचा हंगाम ही या गिरणीची एकेकाळची मोठी कमाई, ती गेली ती गेली. पावसाळ्यात आणखी एक फटका बसला. मे महिन्यात भाव वाढेल म्हणून जास्तीचा गहू भरला होता, ऑगस्टमध्ये त्यातल्या एका कट्ट्याला सोंडे लागले. तेव्हापासून पंधरा दिवसांपुरतंच धान्य येतं, भाव काहीही असो.

भाजणी हा मामीचा प्रांत. थालीपिठाची वर्षभर आणि चकलीची दिवाळीत. त्यासाठी अन्नसुरक्षेची नोंदणी केली, छोट्या उलाढालीला ती तेव्हा वर्षाला 100 रुपयांत व्हायची. पहिल्या दिवाळीत 60 किलो चकलीची भाजणी गेली आणि लोक मागतच होते. मी म्हटलं, बाई लावू, वाढवू. मामी म्हणाली, "माझ्या हातानं जितकं भाजून होतं तितकंच. कुणी तांदूळ जाळला तर चकली माझ्या नावानं हसते." दुसऱ्या दिवाळीतही तिनं 60 किलोच केली. हिशेबनीस म्हणून मला ते पटलं नव्हतं. आता पटतं, कारण तिच्या मनगटाला त्या महिन्यात पट्टा बांधलेला मी पाहिला आहे.

सप्टेंबर 2024 चं बिल आलं: 640 युनिट. 2019 च्या 880 पेक्षा कमीच. वहीप्रमाणे रोजचं दळण एकशेतीस किलोवरून अडीचशेच्या आसपास गेलं आहे आणि त्यातलं शंभरेक किलो आमच्याच धान्याचं. दर आता 7 रुपये आहे. धान्यातला किलोमागचा फायदा धरला, तर महिन्याला हातात 2019 पेक्षा थोडं जास्त पडतं. कामही जास्त पडतं, हे त्यासोबतच सांगायला हवं. पूर्वी मामा दुपारी एक ते चार झोपायचा. आता त्या वेळात निवडलेली ज्वारी मोजून घेतो.

मोबाइलवाला पुन्हा विचारून गेला. मामानं त्याला नाही म्हटलं आणि त्याच्या आईसाठी दोन किलो ज्वारी दळून दिली. पुढच्या महिन्यात चक्कीच्या दगडांना टाकी लावायची आहे, म्हणजे झिजून गुळगुळीत झालेले दगड पुन्हा खरबरीत करायचे आहेत. ते काम जाणणारा माणूस लांबून येतो, त्याला दोन दिवस लागतील आणि तेवढे दिवस गिरणी बंद राहील. मामीनं पाटीवर ती तारीख तीन आठवडे आधीच लिहून ठेवली आहे, खाली एक ओळ घालून: "डबे आधी आणावेत."